गजा, तुझ्या तेरवीला रांग लागली

तुझ्या तेरवीला मी बुफे ठेवला.

एवढं लिहिलं, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि बसून राहिलो, गजा. पुढं काय सारवासारव करावी तेच सुचेना. केटरर म्हणाला होता, "दिलीपभाऊ, आता तेरवीलेही बुफेच असते. लोकं येतेत, खातेत, जातेत. पंगतीले वाढपी कुठून आणसान?" आणि मी मान डोलावली. मी, ज्यानं जन्मात कधी चार माणसांना नीट वाढलं नाही. तुझ्या घरात तेव्हा विचार करायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं, म्हणून सगळ्यांनी तो माझ्यावर सोडला होता. दुःखात माणसं काय काय चुका करतात बघ.

मांडव घातला, टेबलं लागली, पांढरी चादर अंथरली, वरणाची, भाजीची, बुंदीची भांडी ओळीनं मांडली. आणि तुझे सगळे पाहुणे तुझ्या फोटोला फूल वाहून, हातात प्लेट घेऊन एकामागे एक उभे राहिले. रांग थेट तुझ्या फोटोसमोरून जात होती. फोटो कुठं ठेवायचा तेही मीच ठरवलं होतं.

तुझे रोहिणखेडचे मामा आले होते. लहानपणी ज्यांच्या मागं मागं तू पंगतीत पाण्याचा जग घेऊन फिरायचास, ते. मांडवाच्या खांबाशी खुर्चीवर बसले होते. मी लगबगीनं जाता जाता म्हणालो, "मामा, जेवून घ्या." ते म्हणाले, "हाव, हाव." मी पुढं गेलो. आता तू सांग, आपल्याकडं "जेवून घ्या" हे काय बोलावणं असतं? ते आपण दारावरून जाणाऱ्याला म्हणतो. खरं बोलावणं म्हणजे जवळ जायचं, दंडाला धरायचं आणि म्हणायचं, "उठा, पान वाढलं." मामा त्याची वाट बघत बसले. भाच्याच्या तेरवीत हातात प्लेट घेऊन उभं राहायचं त्यांना सुचलंच नाही, किंवा सुचलं आणि जमलं नाही. शेवटी एक गिलास पाणी प्यायले, फोटोला हात जोडले आणि बुलढाण्याच्या जीपमध्ये जाऊन बसले. उपाशी.

संगीतावहिनींना हे दुसऱ्या दिवशी त्यांच्या भावाकडून कळलं. चहाचा कप माझ्यासमोर ठेवला आणि आत गेल्या. त्यापेक्षा त्यांनी तो कप मारला असता तर बरं वाटलं असतं.

आणि अन्न उरलं, गजा. वरणाची गंजं भरून उरली. संध्याकाळी मी आणि केटररची माणसं ते टेम्पोत घालून वसतिगृहावर देऊन आलो. अन्न कमी पडू नये, या एका धास्तीपायी मी बुफेला हो म्हणालो होतो. ती धास्ती मला तुझ्यामुळंच लागलेली, सोनाळ्याकडच्या त्या गावापासून.

पण तिथं पोचायच्या आधी तू त्या धंद्यात गेलास कसा, ते लिहून ठेवतो. तुला माहीतच आहे म्हणा. पण तेरवीला आलेल्या निम्म्या लोकांना वाटत होतं की तू सरकारी नोकरीत होतास. एक जण तर मला पेन्शनचं विचारत होता.

जिनिंग बंद झालं आणि तू माझ्या दुकानात येऊन बसायला लागलास, ते दिवस. कापूस येईना, गाड्या लागेनात, मालकानं यंत्रं विकली आणि चाळिशी उलटलेला सुपरवायझर झेरॉक्सच्या मशीनशेजारी स्टुलावर येऊन बसला. मी लोकांचे बायोडाटा टाइप करायचो आणि तू त्यांच्या वडिलांची चौकशी करायचास. एक दिवस मोबाइलवर जाहिरात आली. बुलढाण्यातल्या एका मदतकार्य करणाऱ्या संस्थेला फिल्ड कोऑर्डिनेटर पाहिजे होते. पूर, दुष्काळ, आग, अशा ठिकाणी जाऊन काम करणारे.

मी म्हणालो, "गजा, हे तुझ्यासाठीच आहे. आपत्तीचा अनुभव तुला जन्मापासून आहे."

"अन् निवारणाचा?"

"ते ट्रेनिंगमध्ये शिकवतेत."

तुझा बायोडाटा मी जीव ओतून लिहिला. 'हजारो लोकांच्या भोजन व्यवस्थेचा प्रदीर्घ अनुभव' असं लिहिलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पंचक्रोशीतला एक भंडारा, एक लग्न तू सोडलं नव्हतंस. कमरेला टॉवेल, हातात वरणाची बादली, आणि "घ्या हो काका, अर्धी पयी वरण घ्या" हा तुझा आवाज. नोकरीच्या नावानं तुला घाम फुटायचा, पंगतीच्या नावानं अंगात यायचं.

आणि मग मी तुला इंटरव्ह्यूसाठी माझ्या लग्नाचा कोट दिला. भर मे महिन्यात. चॉकलेटी रंगाचा, खांद्यात कापूस भरलेला. तू माझ्याहून बारीक. दारातून आधी खांदे आत जायचे, मग तू. "काऊन बे, एवढ्या उन्हात?" असं तू विचारलंस, आणि मी म्हणालो, "छाप पडली पाहिजे."

छाप पडली. बाहेर बाकावर पाठीवर पिशव्या अडकवलेली पोरं बसली होती. तू जिना चढून वर गेलास तसा तिथला माणूस उठून उभा राहिला. तुला थेट आतल्या खोलीत नेलं. पंख्याखाली बसवलं. पुण्याकडच्या एक मॅडम होत्या, त्यांनी स्वतः पाणी दिलं, चहा मागवला, बशीत बिस्किटं आली. संगणकावर संस्थेच्या कामाचे फोटो दाखवले. कोट बघून त्यांना तू देणगीदार वाटलास. तुला ते कळलं, त्यांनी पावतीपुस्तक काढलं तेव्हा.

दुसऱ्या कोणी हसून सांगितलं असतं, मॅडम, मी नोकरीसाठी आलो. तू संध्याकाळी दुकानात आलास, कोट काढून काउंटरवर ठेवलास. पाठीवर घामाचा नकाशा.

"भेटलं काय काम?"

"नाही. दोन पोते दाळ देऊन आलो."

"काय?"

"देऊन म्हंजे कबूल करून आलो. बुधवारी पोचवा लागते."

"अरे येड्या, सांगायचं ना तिले!"

"त्या बाईनं चहा पाजला बे. बिस्किट ठेवलं होतं पुढ्यात, मी खाल्लं ते. आता खाल्ल्यावर कसा म्हणू, मीच मांगाले आलो म्हून?"

मी हसून हसून बेजार झालो. आता लिहिताना हसू येत नाही. ती दाळ घरची होती, वर्षाची. वहिनींनी उन्हात घालून, निवडून कोठीत भरून ठेवलेली. मला वाटलं, आज तुझं काही खरं नाही. पण वहिनी एवढंच म्हणाल्या, "शब्द देला त द्या. पण या बारीनं कामाचं इचारल्याबिगर घरी याचं नाही, सांगून ठेवतो."

बुधवारी तू कोट न घालता गेलास. बनियनवर पोती पाठीवर घेऊन जिना चढलास. मॅडम म्हणाल्या, "अहो सर, तुम्ही कशाला? हमाल बोलावू ना." तेव्हा तू दुसरं पोतं खाली ठेवलंस, तोंड पुसलंस आणि विचारलंस, "मॅडम, माह्यासाठी काही काम आहे काय तुमच्याजोळ?" त्या बघतच राहिल्या म्हणे. तीन महिन्यांच्या करारावर तुला घेतलं. चिखलीत मी छाती काढून सांगत सुटलो की गजाची नोकरी माझ्या कोटामुळं लागली. तू कधी खोडून काढलं नाहीस. नोकरी दाळीमुळं लागली होती आणि दाळ वहिनींची होती.

मग तो पावसाळा. सातपुड्यातून पाणी उतरलं आणि सोनाळ्याकडच्या त्या गावात नाला शिरला. घरं उभी होती, पण आत गुडघाभर गाळ. चुली विरघळून गेल्या, धान्याला मोड आले. तुमच्या संस्थेनं शाळेत मोठ्या चुली मांडून सगळ्या गावासाठी रसोडं उघडलं. पहिल्या दिवशी कुपनं वाटली, रांग लावली. पोरं आली, म्हातारी माणसं आली, मजुरी करणारी घरं आली. बाकीचे आले नाहीत. ओट्यावर गाळ उपसत बसलेले, विचारलं तर म्हणायचे, "आमचं झालं." तू गावातून चक्कर मारलीस. एकाही छपरातून धूर निघत नव्हता. मग कोणाचं काय झालं होतं?

तू मॅडमना न विचारता संध्याकाळी घरोघर फिरलास. प्रत्येक ओट्यापाशी उभं राहून हात जोडलेस आणि आवतन दिलंस, "उद्या सकाळी शाळेत चूलबंद आहे बरं काका. सगळ्यायनं या."

चूलबंद म्हणजे काय ते पुण्याकडच्या मॅडमना नंतर तूच समजावून सांगितलंस. घरातल्या एकालाच बोलावणं वेगळं, आणि तुमची चूल आज पेटू द्यायची नाही, लहानापासून थोरापर्यंत सगळं घर आमच्याकडं, हे वेगळं. हे आवतन मानाचं. याला यायला कोणाला कमीपणा वाटत नाही. उलट न येणं वाईट दिसतं.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव शाळेत. तू व्हरांड्यात पट्ट्या अंथरल्यास, बसवलंस, कमरेला टॉवेल बांधलास. मला फोटो पाठवलास. गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली माणसं मांडी घालून बसलीत, पुढ्यात पत्रावळी, आणि तू वाकून वाढतोयस. मी मोबाइलवरून अंगठा पाठवला. तुझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाला मी एक अंगठा पाठवला.

पण चूलबंद म्हणजे घरात जो असेल तो. पुराचं ऐकून गावोगावचे सोयरे मदतीला आलेले, जावई, व्याही, मावसभाऊ. तिसऱ्या दिवशी तेही बसले. त्यांना काय उठवणार? आणि आपल्याकडची रीत अशी की घरच्या बाया शेवटच्या पंगतीला. त्यांची पंगत बसली तेव्हा भांड्यात वरण नव्हतं, भाजी नव्हती. कोरडा भात आणि मीठ. एक बाई उठून उभी राहिली आणि म्हणाली, "बलावून उपाशी ठेवता काय?"

करार वाढवला नाही. वरून सांगणं आलं की ठरवून दिलेल्या पद्धतीबाहेर काम केलं. तू बॅग घेऊन चिखलीच्या स्टँडवर उतरलास आणि घरी जायच्या आधी दुकानात आलास. मी तुला झाप झाप झापलं. कुपनं होती, रांग होती, मोजून शिजवलं होतं, तुला कोणी सांगितलं होतं शहाणपण करायला? रांगेत उभं राहिलं तर काय कातडी जाते? रेशनला नाही राहत?

"रेशन घरी नेऊन खातेत बे. तिथं कोणाचं कोणी पाहुणं नसते."

"आणि चूलबंद कशाला? एका घरातून एकाला बोलावलं असतं."

तू स्टुलावर बसून बुटाचा चिखल खरवडत होतास. मान वर न करता म्हणालास, "ज्याची चूलच वाहून गेली, त्याले चूलबंद नाही सांगणार त कोणाले सांगू?"

यावर मी आणखी जोरात ओरडलो. हा वाद आपण पुढं वर्षानुवर्षं घातला. स्टँडवर, चहाच्या टपरीवर, कोणाच्या लग्नात मठ्ठा पिताना. मी म्हणायचो, तुझ्या पंगतीत शेवटच्या बाया उपाशी राहिल्या. तू म्हणायचास, हो. एवढंच. त्या बाईचं वाक्य तू कधी खोडून काढलं नाहीस, आणि आपली पद्धतही सोडली नाहीस. मला वाटायचं, एक दिवस तू हरशील. आता वाद अर्धा ठेवून निघून गेलास, आणि मी माझी बाजू मांडायला तुझ्याच तेरवीला रांग लावली. मामा माझ्या रांगेतून उपाशी गेले. तू असतास तर काय म्हणाला असतास? मला माहीत आहे. बुटाचा चिखल खरवडत बसला असतास.

त्यानंतर तुला एकीकडं नाही तर दुसरीकडं काम मिळत गेलं. कधी मराठवाड्यात, कधी कोकणात. तीन महिने, सहा महिने, मग घर. प्रत्येक वेळी अर्ज मी टाइप केला आणि प्रत्येक वेळी सांगून पाठवलं, "पहिलं काम का सुटलं विचारलं तर म्हण, कालावधी संपला." आणि प्रत्येक वेळी तू त्यांना सोनाळ्याची सगळी हकिगत सांगून आलास, त्या बाईसकट. तरी घ्यायचे. तुझं ऐकून का घ्यायचे, की गाळात उतरायला दुसरं कोणी तयार नसायचं म्हणून, ते मला कळलं नाही.

आता ते सांगतो जे मला बोलायचं होतं आणि मी हसण्यावारी नेलं.

तू घरी बसलेला होतास, काम नव्हतं. टीव्हीवर कुठल्याशा किनाऱ्यावर वादळ येणार असल्याची बातमी लागली होती. झाडं वाकलेली, माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन पळतायत. तुझी धाकटी, पूनम, अभ्यास करता करता वर बघून म्हणाली, "बाबा, आता तुमाले काम भेटन." तिच्या मनात काही वाईट नव्हतं. कॉलेजची फी भरायची होती, घरात रोज तोच विषय. पण तू टीव्ही बंद केलास आणि त्या दिवशी जेवला नाहीस. हे तू मला टपरीवर सांगितलंस. म्हणालास, "दिल्या, कोणाचं घर बुडलं का माह्या घरी चूल पेटते. हे कसं काम आहे बे? मी सकाळी उठून मोबाइल पाहातो, कुठं पूर आला काय म्हून. अन् नसला आला त मले वाईट वाटते. मंग वाईट वाटलं म्हून अखीन वाईट वाटते."

तू कधी असं बोलायचा नाहीस. आणि मी काय केलं? मी विनोद केला. म्हणालो, "मग एकदम यमाकडं अर्ज टाक. कायम नोकरी, बारमाही काम." तू हसलास. चांगला खळखळून हसलास, माझ्या पाठीवर थाप मारलीस, चहाचे पैसे दिलेस. मी तुझा शहाणा मित्र. आजवर मी हा विनोद कोणाला सांगितला नव्हता.

तुला मी काय म्हणायला हवं होतं, ते आता रोज सुचतं. अंघोळ करताना सुचतं, झेरॉक्स काढताना सुचतं. म्हणायला हवं होतं की गजा, पूर तू आणत नाहीस. तू गेला नाहीस तरी ते घर बुडतंच, फक्त मग ओट्यापाशी हात जोडून उभं राहणारं कोणी नसतं. साधं वाक्य आहे. बायोडाटात मी याहून अवघड वाक्यं लिहितो. पण टपरीवर समोरासमोर बसलं की मला विनोदच सुचतो, आणि तो ऐकून तू हसायचास, म्हणून मला वाटायचं की काम झालं.

तू गेलास तेव्हा कुठं पूर नव्हता, वादळ नव्हतं. चिखलीत, आपल्या घरी, आरशासमोर दाढी करताना गेलास. गालाला साबण तसाच. वहिनींचा फोन आला तेव्हा मी धावलो, पण येऊन उपयोग नव्हता. दवाखान्यात डॉक्टरांनी छातीवर हात ठेवला आणि मान हलवली. तुला झाकायच्या आधी वहिनींनी पदरानं तुझ्या गालावरचा वाळलेला साबण पुसला. एका गालाची दाढी झाली होती, एका गालाची राहिली होती. त्यांनी मला विचारलं, "भाऊजी, तुमाले येते काय?" मला येत नव्हतं. न्हाव्याला बोलावलं.

तुझा मोबाइल आता वहिनींकडं असतो. त्यावर ते ग्रुप तसेच चालू आहेत. कुठं दरड, कुठं आग, कुठं धरणाचे दरवाजे उघडले. 'त्वरित कार्यकर्ते पाहिजेत.' दिवसभर टिंग टिंग वाजतो. मी म्हणालो, ग्रुप बंद करून देतो. वहिनी म्हणाल्या, राहू द्या.

का राहू द्या, ते मला तेरवीनंतर कळलं. बुलढाण्याच्या संस्थेतल्या त्या मॅडम भेटायला आल्या होत्या. चटईवर बसल्या, तुझ्याबद्दल बोलल्या, डोळे पुसले. निघताना सहज म्हणाल्या की पावसाळा तोंडावर आहे आणि यंदा रसोडं सांभाळायला माणूस नाही. वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी सांभाळीन."

मॅडम म्हणाल्या, "आधी इंटरव्ह्यू द्यावा लागेल, ताई. मी एकटी ठरवत नाही."

मला धक्का बसला, गजा. मॅडम गेल्यावर मी समजावायला बसलो. म्हणालो, वहिनी, शिलाई बघू, अंगणवाडीत बघू, मी शब्द टाकतो. ते काम माणसाला खातं. त्यांचा भाऊ म्हणाला, बाईमाणसानं कुठं पुरात जायचं. आम्ही दोघं बराच वेळ बोललो. वहिनी तांदूळ निवडत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मोठीचं शिक्षण झालं, पूनमचं राह्यलं. शिलाईवर होते काय? अन् ते घरी आले का काय सांगत होते, तुमाले माहीत नाही. भात किती लागला, तेल किती, कुठं चुकलं, सगळं. मी इतकी वर्षं ऐकूनच राह्यली." एक खडा बाजूला टाकून म्हणाल्या, "हे काम भेटलं नाही त मले माहेरी जा लागते, भाऊजी. भावापुढं हात पसरा लागते. ते मले नको."

भाऊ तिथंच बसला होता. उठून बाहेर गेला.

काल इंटरव्ह्यू होता. मी सोबत गेलो. कशाला गेलो विचारशील, तर धीर द्यायला. धीर मलाच नव्हता. तीन माणसं टेबलामागं, वहिनी समोर, आणि मी बाजूच्या खुर्चीवर, कोणी बस म्हटलं नसताना. पहिला प्रश्न वहिनींना विचारला, उत्तर मी दिलं. तुझ्या त्यागावर बोललो, सेवेवर बोललो, घराण्याच्या परंपरेवर बोललो. तुझं कुठलं घराणं आणि कुठली परंपरा! टेबलामागचा एक जण पेनाचं टोपण उघडझाप करायला लागला. वहिनींचा चेहरा पडला. मला वाटलं, झालं. तुझ्या तेरवीचं जे केलं तेच आता यांच्या भाकरीचं करून बसलो.

मॅडमनी मला हातानं थांबवलं आणि वहिनींकडं वळून विचारलं, "ताई, एक स्पष्ट विचारते. गजाननभाऊ मनानं मोठे होते, पण सोनाळ्याला अन्न पुरलं नाही. तुम्हीही घरोघर जाऊन चूलबंद सांगणार का?"

मला तोंड उघडायचं होतं. वहिनींनी माझ्याकडं असं बघितलं की मी मिटलं.

"सांगीन," त्या म्हणाल्या. "सांगितल्याबिगर लोकं येत नाहीत, ते त्याईचं बराबर होतं. पण ते आवतन देत होते अन् शिजवत दुसरेच होते. आवतन देणाऱ्याले भांडं दिसत नाही. मी शिजवणारी आहे. आधी दारात उभी राहून इचारीन, पाहुणे किती आले, आज थांबतेत का जातेत. मंग भांडं ठेवीन. अन् बायाची पंगत पह्यली बसवीन."

गजा, आपण दोघं किती वर्षं भांडलो रे यावर. टपरीवाला कंटाळून बाक आत घ्यायचा. आणि आपल्यातल्या एकालाही कधी वाटलं नाही की घरी जाऊन शिजवणारीला विचारावं.

त्यांनी आम्हाला बाहेर बसवलं. जिन्याच्या तोंडाशी बाक होता. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "ते इथंच बसले असतीन ना?" मी हो म्हणालो. तू या बाकावर बसला नव्हतास, तुला तर मानानं आत नेलं होतं. पण हो म्हणालो.

मॅडम बाहेर आल्या. तीन महिन्यांचा करार, पावसाळ्यापुरता, काम बघून पुढचं. वहिनींनी हात जोडले, आणि मग तुझ्या जाण्यापासून पहिल्यांदा, तिथं जिन्यात, मोठ्यानं रडल्या. तेरवीला रडल्या नव्हत्या. मॅडमनी त्यांना धरलं. मी पाण्याची बाटली हातात घेऊन उभा. झाकण उघडायचं राहून गेलं.

डोळे पुसून झाल्यावर मॅडम माझ्याकडं वळल्या. म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा या ना बरोबर. सोनाळ्याकडं एक माणूस कमीच आहे आम्हाला. मित्राचं काम पुढं नेल्यासारखं होईल."

मला भरून आलं. मी मनातल्या मनात दुकानाची किल्ली भाच्याकडं दिली, टॉवेल कमरेला बांधला, तुझी बादली उचलली. छाती पुढं काढून हो म्हणणार, तेवढ्यात वहिनी नाक पुसत म्हणाल्या,

"याईले नका नेऊ मॅडम. पूरवाल्यायच्या आंधी याईलेच वाढा लागते."